अर्धा कोयता

स्वतःच्या बायकोची वागणूक कशी आहे, असा प्रश्न एखाद्या नवऱ्याला शुद्ध मराठीत, अहोजाहो करून, सकाळचा चहा पोटात जायच्या आत विचारला जावा, हे वाशिम शहरात याआधी कधी घडलेलं नव्हतं. निदान पुसद नाक्यावरच्या मंडळींना ते ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक नाही ते घडलेलंच नसतं. फोन मुंबईहून आला होता. बाईचा आवाज धुऊन इस्त्री केलेला. पडघान प्लेसमेंटचे संचालक धम्मरत्न पडघान आपणच का, सपना इंगळे नावाच्या नर्सना आपण ओळखता का, वगैरे. धम्मरत्न हो म्हणाला. "कशा नात्यानं?" बाईनं विचारलं, आणि विचार करायच्या आधीच त्याच्या तोंडातून रोजचं घासलेलं वाक्य घरंगळलं, "आमच्या एजन्सीच्या उमेदवार आहेत." बाई खूश झाली. आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी सपना इंगळे यांची निवड होत आली आहे, आम्ही पडताळणी करणारे लोक, त्यांनी आपलं नाव दिलंय. कामाला कशा आहेत? वेळ पाळतात? रुग्णांशी गोड बोलतात? धम्मरत्ननं सगळ्याला चांगलं म्हटलं. खोटं काही नव्हतं त्यात. "आणि वैवाहिक स्थिती, सर? तेवढं एक आपल्याकडून पक्कं करून हवंय." धम्मरत्ननं खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये." आणि फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

त्याचं ऑफिस निजामुद्दीनभाईंच्या गादी-रजईच्या दुकानावर होतं. खाली कापूस पिंजतात, वर माणसं, असं निजामुद्दीनभाई स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. यंत्र सुरू झालं की कापसाचा भुगा जिन्यानं वर चढायचा आणि मुलाखतीला आलेली पोरं वर पोचेपर्यंत म्हातारी होऊन जायची. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. रिठदचा एक पोरगा असाच पांढरा होऊन खुर्चीत बसला, तर पुण्याहून आलेल्या कंपनीच्या साहेबानं उठून त्याला वाकून नमस्कार केला, असं सांगतात. ऑफिसातला पंखा इतका सावकाश फिरायचा की माश्या एका पात्यावर बसून ऑफिसभर सहल करून पुन्हा टेबलावर उतरायच्या. आत्ता धम्मरत्न त्या पंख्याकडे बघत बसला होता. सपना इंगळे. परक्या बाईच्या तोंडात ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं होतं. एखादी हुशार, एकटी, सडसडीत बाई, जिच्या मागे कुणी नाही. आणि त्याला कळलं, की ही बाई आपणच बनवली आहे. दोन वर्षांमागे, आपल्याच स्वयंपाकघरात.

तेव्हा एजन्सीचा बोर्ड रंगवून झाला होता आणि उमेदवार एकही नव्हता. पुण्यातल्या कंपनीतली नोकरी सोडून, इकडची पोरं तिकडे लावायची असं डोक्यात घेऊन तो आला होता. पण लोक जिना चढायचे, खुर्चीवर टेकायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, आतापर्यंत कोणाले लावलं? त्याचे वडील जानराव एकदा जेवताना म्हणाले, "ज्याची सोताची बायको डिप्लोमा घेऊन घरी बसली, थो लोकाइच्या लेकराइले काय कामाले लावन?" सपना भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण भाकरी त्या दिवशी पातळ झाली. नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सेस हव्या होत्या. जागा चांगली, राहायची सोय चांगली, फक्त हॉस्टेल अविवाहित मुलींचं. धम्मरत्न पाटावर बसून मुलाखत घ्यायला लागला. नाव? सपना. पूर्ण वाक्यात बोल, आडनाव माहेरचं लाव. आणि हाय नाही म्हणायचं, आहे. "माझं नाव सपना इंगळे आहे, सर." विवाहित की अविवाहित? ती पिठाच्या हातानं तोंड झाकून इतकी हसली की पीठ नाकात गेलं. "विवाहित नं वो! थो काय बसला माझा नवरा, त्याले भाकर पायजे." सपना, हॉस्टेल अविवाहितांचंच आहे. सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, मग बाहेर खोली घेऊ, मी येतो नाहीतर तू ये. म्हण. "अविवाहित." नजर वर करून म्हण. "अविवाहित, सर." पुन्हा. तिसऱ्यांदा ती हसली नाही. तिसऱ्यांदा ती इतकं सहज म्हणाली की धम्मरत्नच्या अंगावर काटा आला, आणि तो काटा आनंदाचा होता, हेच आता त्याला आठवून नको झालं. आपला पहिला उमेदवार तयार झाला, असा तो आनंद. गळ्यातली पोतही त्यानंच काढली. तिचा फासा केसांत अडकला होता, तो सोडवताना तिच्या मानेवरचे बारीक केस त्याच्या बोटांना लागले, आणि ती म्हणाली, "हळू नं, दुखते."

"सर, वो मॅडम का दुबारा आया था, चार बजे फिर करेगी," शाजिया म्हणाली. शाजिया ही निजामुद्दीनभाईंची मुलगी. ऑफिसातला फोन, संगणक आणि धम्मरत्नचा चहा, तिन्ही तीच सांभाळायची. "मेरे को पूछ रही थी के सर शादीशुदा है या नहीं. मैं बोली, कौनसे सर? वो बोली, नहीं नहीं, कॅन्डिडेट. भाभी का है ना?" धम्मरत्न टेबलावरचा भुगा बोटानं गोळा करायला लागला. "तो पहले भाभी को पूछ लो ना." त्यानं तेच केलं होतं, फोन ठेवल्या ठेवल्या. सपनाचा फोन बंद होता. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा, मागं कुणी मेलं तरी सहाच्या आत काढायचा नाही, नव्या जागी याच्यावरूनच माणूस जोखतात. हेही त्यानंच शिकवलेलं. सपना शिकवलेलं विसरत नसे. पहिल्या महिन्यात ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि उचलल्या उचलल्या म्हणायची, "गुड इव्हिनिंग, सर," आणि दोघं हसायचे. मग फोन रविवारवर आला. मग हसणं गेलं आणि सर राहिला. सहा महिने झाले तेव्हा एजन्सीचा जरा कुठं जम बसत होता. तेव्हा ती एकदाच म्हणाली होती, तुमीच या नं इकडे, इकडं बी मानसं लागतात. आणि तो म्हणाला होता, दिवाळीनंतर पाहू. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला ती घरी आली, तर स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून तिनं मीठ कुठाय म्हणून विचारलं. कुणी काही हलवलेलं नव्हतं. मीठ तिथंच होतं.

आणि नाशिक. तो एकदा गेला होता, न कळवता, पिशवीत तिळाचे लाडू घेऊन. दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसानं विचारलं, कोण पाहिजे, तुम्ही कोण? धम्मरत्ननं शेकडो पोरांकडून तुम्ही कोण याचं उत्तर पाठ करून घेतलं होतं. त्याला ते येईना. तेवढ्यात सपना पांढऱ्या कपड्यांत बाहेर आली, मागं दोन मैत्रिणी, आणि क्षणभर तिच्या चेहऱ्यावर इतकं काही उजळलं की आता ती धावत येणार असं त्याला वाटलं. ती चालत आली. मैत्रिणींना म्हणाली, "हे आमच्या गावाकडचे सर." समोरच्या हॉटेलात त्यांनी चहा घेतला, टेबलाच्या दोन बाजूंना बसून. मैत्रिणीही बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, सर, आमचंही बघा ना कुठंतरी. त्यानं खिशातून कार्ड काढून दिलं. परतीच्या गाडीत त्याच्या लक्षात आलं की लाडवांची पिशवी आपल्याच मांडीवर आहे.

खालून बसचा भोंगा वाजला, आणि त्याबरोबर कोंबडी ओरडली. कोंबडी काहून, असा विचार करतच तो खिडकीशी गेला. आजचा दिवस खरं तर मोठा होता. पुण्याकडच्या एका गोदामानं वीस माणसं मागितली होती. खोके उचलायचे, खोके ठेवायचे, राहायला बराक, जेवायला कॅन्टीन. वीस टिकले तर दोनशे घेऊ, नाही टिकले तर दुसरी एजन्सी बघू, असं स्वच्छ सांगितलं होतं. माणसं जमवायचं काम त्यानं मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या हेमसिंगला दिलं होतं. हेमसिंग म्हणजे ऊसतोडीचा जुना मुकादम. एकदा कारखान्यावर मोजणीत त्याचा एक माणूस कमी भरला, तर त्यानं तांड्यावरच्या कुत्र्याला टोपी घालून रांगेत उभं केलं, आणि त्या कुत्र्यानं हंगामभर एकही खाडा केला नाही. हे हेमसिंगच सांगतो, आणि कुत्रा वारल्यामुळे खोटं पाडायला कुणी उरलेलं नाही. आज खाली तो पागोटं सावरत उभा होता, आणि बसच्या भोवती वीस नव्हे, चाळीस माणसं होती. वीस पुरुष बाहेर बिड्या ओढत, आणि त्यांच्या वीस बाया आत, खिडक्या धरून, गाठोडी, तवे, लेकरं आणि एक टोपलीभर कोंबड्या घेऊन ऐसपैस बसलेल्या.

"हेमसिंग, हे काय आहे?" धम्मरत्ननं जिना उतरता उतरता विचारलं.

"मानसं हाय साहेब. वीस म्हनले होते नं तुमी? मोजून घ्या."

"आणि या बाया?"

"त्याहिच्या बायका." बसला चाकं कशाला, असं कुणी विचारावं तसं हेमसिंगनं पाहिलं.

"पुरुषच लागतात म्हणून तीनदा सांगितलं होतं मी."

"सांगतलं नं. म्हनूनच तं नावं मानसाइचीच देल्ली. पन मानूस काय एकटा जाते काय साहेब? थो तोडते, ते मोळी बांधते."

"तिथं ऊस नाही रे बाबा. खोके आहेत."

"मंग थो खोका उचलन, ते दोरी बांधन."

"दोरी मशीन बांधते!"

"असं काय," हेमसिंग शांतपणे म्हणाला, "मंग मशीनले बी बायकोचंच काम देल्लं म्हना."

बसमधल्या बाया खिदळल्या. धम्मरत्न चिडला, पण त्याला कळत होतं, की यात लबाडी नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम जोडी मोजतो. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, त्याच्याकडे कुणी धड बघतही नाही. रांडवा असेल, नाहीतर पळून आलेला असेल. तीन पिढ्या ज्यांची मोजदाद अशी झाली, त्यांना हेमसिंगनं सांगितलं, चला. आणि ती जशी निघतात तशी निघाली. कुणी कुणाला विचारलंच नाही.

तो बसमध्ये चढला. भाकरीचा, बिडीचा आणि लेकरांच्या डोक्याच्या तेलाचा वास एकदम अंगावर आला. वासात कसलंसं घर होतं. त्यानं घसा खाकरला आणि रोजच्या आवाजात सुरू केलं, की हे बघा, तिथं बायांना राहायची सोय नाही, नियम आहे. सहाच महिन्यांचा प्रश्न आहे, मग हे बाहेर खोली बघतील, तुम्हाला बोलावतील नाहीतर हे येतील. बोलता बोलता त्याला वाटलं की हे आपण बोलत नाही, पाटावर बसलेलं कुणीतरी बोलतंय. पुढच्या सीटवर वीस जणांतल्या लखीरामची बायको जमणी बसली होती. हातभर बांगड्या, मांडीवर भाकरीचं गाठोडं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"साहेब, तुमची बायको कुठी असते?"

"नाशिकले." कित्येक महिन्यांत ऑफिसच्या वेळात त्याच्या तोंडून असं गावाकडचं बोलणं निघालं नव्हतं.

"कामाले?"

"हो."

"किती दिवसासाठी गेली?"

"सहा महिने."

"मंग आली?"

टोपलीतल्या कोंबडीनं कॉक्-कॉक् केलं. खालून हेमसिंग म्हणाला, "कायले इचारतं माय. साहेब बी अर्धा कोयताच हाय." यावर कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. बायांच्या डोळ्यांत एकदम जी माया आली ती धम्मरत्नला सोसेना. शिवी परवडली असती. "उतरा," तो म्हणाला, "उशीर होऊन राह्यला." आणि नवल म्हणजे त्या उतरल्या. भांडल्या नाहीत, काही नाही. तवे वाजले, लेकरं खाली दिली गेली, कोंबड्या उतरल्या. पुरुष आत जाऊन खिडक्यांशी बसले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. एकदम मोकळी झालेली ती बस बघून, आपण जिंकलो, असं धम्मरत्नला वाटलं. आणि दाढ काढल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या खड्ड्यात जाते, तसं त्याचं मन त्या मोकळ्या सीटांवर जायला लागलं.

जमणीनं खालून भाकरीचं गाठोडं वर दिलं. लखीरामनं ते खिडकीतून घेतलं, हातात तोललं आणि म्हणाला, "याच्यात दोघाइचं हाय."

"असू दे. ठेव."

"मंग तू काय खाशीन?"

"खाईन काई तरी."

लखीराम थोडा वेळ बसला. मग उठला, पायरीवरून खाली आला आणि नाक्यावरच्या टपरीच्या सावलीत गाठोडं सोडून बसला. जेवायला उतरला असेल, असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही बहुधा तसंच वाटलं असावं. जमणी समोर बसली. मग दुसरा एक जण उतरला. मग दोघं. कुणी काही ठरवलं नाही, कुणी ओरडलं नाही. पिकलेली बोरं पडावीत तशी माणसं बसमधून खाली पडत गेली, आणि शेवटी ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं तर आत तो आणि एक विसरलेली चप्पल. हेमसिंग धम्मरत्नजवळ येऊन म्हणाला, "जाऊ द्या साहेब. तिकडे ऊस उभाच हाय. उद्या तिकडचा ट्रक सांगतो." धम्मरत्नला ओरडावंसं वाटलं, की अरे, काय सुख लागून गेलंय तिथं? पाचटाच्या खोपीत झोपायचं, पहाटेच्या थंडीत बायकोच्या डोक्यावर मोळी द्यायची, लेकरू बांधावर टाकायचं. इथं डोक्यावर छप्पर मिळत होतं. पण कुणाला ओरडणार? ती जेवत होती. ठेचा एकमेकांना देत होती.

तो जिना चढून वर आला. अंगावर भुगा बसला होता, तो त्यानं झटकला नाही. दोनशेचं गेलं. वीसचंही गेलं. पण गोदामाला काय सांगायचं, हा विचार मनात ठरेना. त्याच्या आत एकच प्रश्न चार वाजताच्या फोनकडे सरकत होता. पडताळणी करणारे लोक उमेदवारानं काय लिहिलंय ते सांगत नाहीत, फक्त विचारतात. दोन उत्तरं जुळली तर नोकरी, नाही जुळली तर खोटारडा म्हणून शिक्का. हे तो पोरांना फळ्यावर लिहून शिकवायचा. सपनानं काय लिहिलं असेल, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. तिसऱ्यांदा ती किती सहज म्हणाली होती. आता आपण खरं सांगितलं, की तिचं आखातही जाईल आणि नाशिकही जाईल. आणि खोटं सांगितलं, की ती जाईल. समुद्रापलीकडे, कुणाचीही नसलेली. मघाशी खालची माणसं एकमेकांसाठी उतरली तेव्हा खरं सांगून टाकावं असं त्याला वाटलं होतं. पण उतरून ती माणसं कुठं जाणार होती? उसात. एक बस निघाली आहे, तिच्यात एक माणूस बसलं आहे, त्याला खिडकीतून हाक मारून उतरवायचं आणि अर्ध्या भाकरीसमोर बसवायचं, याला माया म्हणायचं काय? आपण तिला काहीच दिलेलं नाही. एवढं एक देऊ. दुःखाला असा रुबाब आला की माणसाला ते बरं वाटायला लागतं. धम्मरत्नला बरं वाटायला लागलं.

"सर, बोल दूँ क्या, बाहर गये?" शाजियानं विचारलं. फोन वाजत होता. त्यानं हात पुढे केला.

"हां सर, सकाळी लाइन गेली होती. सपना इंगळे, वैवाहिक स्थिती."

"अविवाहित," धम्मरत्न म्हणाला. नजर आपोआप वर गेली होती.

पलीकडे कळा वाजल्या, थांबल्या. "नक्की, सर?"

"नक्की. मी स्वतः त्यांची तयारी करून घेतली आहे."

"मग जुळत नाही, सर." बाईच्या आवाजाची इस्त्री किंचित मोडली. "खरं म्हणजे सांगत नाही आम्ही हे. नाशिकच्या जुन्या फाइलीत अविवाहित आहे, पण या वेळी त्यांनी स्वतः विवाहित लिहिलंय. म्हणाल्या, जुनं चुकीचं आहे, आमच्या सरांना विचारा, त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून तर आपल्याला फोन केला. आता ही माहिती खोटी धरावी लागेल."

खाली पिंजण यंत्र थांबलं आणि शांतता इतकी झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. "मॅडम," तो म्हणाला, "थांबा. लिहू नका. मी तिचा नवरा हाय."

"सर, सकाळी आपण उमेदवार म्हणालात."

"हो."

"आत्ता अविवाहित म्हणालात."

"हो."

"आणि आता आपण त्यांचे पती."

"हो नं, बाई. लगन लागलं हाय आमचं. गावात विचारा. कोनालेबी विचारा."

पलीकडे पुन्हा कळा वाजल्या. मग बाई खूप हळू, जवळजवळ दिलगिरीनं म्हणाली, "सर, नातेवाइकांचं मत आम्ही धरत नाही. तुमचं पहिलंच उत्तर राहील. वेळ दिल्याबद्दल धन्यवाद."

शाजिया टेबलावरचा भुगा पुसत राहिली. जिथं पुसून झालं होतं तिथंही. खाली माणसं पांगली. बस गेली. ऊन पलीकडच्या भिंतीवर चढलं आणि तिथून निघून गेलं. शाजिया म्हणाली, सर, घर नहीं जाना? त्यानं मान हलवली. जायचं की नाही ते तिला कळलं नाही, त्यालाही नाही. त्यानं मुंबईचा तो नंबर पुन्हा पुन्हा लावून पाहिला. तिकडे एक यंत्र गोड आवाजात आभार मानत होतं.

सहा वाजून गेले आणि फोन वाजला. सपना होती. मागं दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा गलका, मुलींचे आवाज, आणि ती धापा टाकत, लॉकरपासून धावत आल्यासारखी. सर म्हणाली नाही.

"आयका नं, आला होता काय वो मुंबईचा फोन? म्या तुमाले मुद्दामच नाई सांगतलं, म्हटलं पाहू तं काय म्हनतात." ती हसत होती, पिठाच्या हातानं तोंड झाकून हसायची तशी. "लगन झालेलं असलं तं तिथं दोघाइले खोली देतात म्हने. नवऱ्याले बी नेता येते. सांगतलं नं तुमी?"